सार्वजनिक स्वच्छतागृहात लहान मूल: सीटपेक्षा हातांकडे लक्ष द्या

"कशालाही हात लावू नकोस" असं आपण दारातच बजावतो. पुढच्या मिनिटभरात मूल कडीला, भिंतीला, कमोडच्या कडेला आणि शेवटी स्वतःच्या नाकाला हात लावून मोकळं होतं. दोन-तीन वर्षांच्या मुलाकडून याहून वेगळी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. सूचना देत बसण्यापेक्षा, त्या हातांना मोकळीक कमी मिळेल आणि शेवटी ते नीट धुतले जातील अशी कामाची रचना करणं सोपं जातं.

बहुतेक पालकांना भीती असते ती सीटची. पण मांडीची धडधाकट त्वचा हा चांगला अडसर असतो. नुसतं सीटवर बसल्याने आजार होण्याची शक्यता फार कमी. नोरोव्हायरस, रोटाव्हायरस, शिगेला, हिपॅटायटिस ए ही उलटी-जुलाब किंवा कावीळ घडवणारी जंतूमंडळी विष्ठेतून हातावर आणि हातावरून तोंडात अशा वाटेने पोटात जातात. जंतांची सूक्ष्म अंडी नखांखाली बसतात आणि पृष्ठभागांवर दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतात. म्हणजे सीटवर तीन थर कागद अंथरायचा आणि बाहेर पडताना नळाखाली बोटांची टोकं ओली करून निघायचं, हा हिशेब उलटा आहे.

दुसरी गोष्ट मुलाच्या मनाची. घाबरलेलं मूल शू करत नाही, शी तर नाहीच. ते दाबून ठेवतं. वारंवार लघवी रोखल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. शी रोखली की ती आत कडक होते, पुढच्या वेळी दुखतं, मूल आणखी रोखतं आणि हे चक्र महिनोन्‌महिने चालू शकतं. त्यामुळे मूल निवांत बसेल हे पाहणं हेही स्वच्छतेइतकंच मोठं काम आहे.

निघण्यापूर्वी

मुलाचं मूत्राशय किती लहान असतं याची मोठ्यांना कल्पना नसते. डॉक्टर एक ढोबळ हिशेब वापरतात: वयात १ मिळवा आणि ३० ने गुणा, तितके मिलिलिटर. तीन वर्षांच्या मुलासाठी हे १२० मिलिलिटर होतात. "आत्ताच तर जाऊन आलास" या वाक्याला तिथे काही आधार नसतो. घराबाहेर असताना दर दोन तासांनी, मूल मागो न मागो, स्वच्छतागृहात घेऊन जा. घाई नसली की जागा निवडता येते, सीट पुसता येते आणि मूल रडवेलं झालेलं नसतं.

शीचं वेळापत्रकही थोडंफार हातात असतं. जेवल्यावर आतडी हलू लागतात, त्यामुळे खाल्ल्यानंतरच्या अर्ध्या तासात मुलांना बऱ्याचदा शी लागते. घरून खाऊन निघणार असाल तर तेवढा वेळ घरीच काढा आणि मुलाला निवांत बसवा. बाहेर त्रास नको म्हणून पाणी कमी पाजणं मात्र करू नका. लघवी दाट होते, जळजळते, आणि बद्धकोष्ठतेला आयतं निमंत्रण मिळतं.

कपडे निवडताना एकच निकष लावा: ते एका हाताने खाली करता आले पाहिजेत. इलास्टिकची पँट उत्तम. डांगरी, पायांमध्ये बटणं असलेले अंगरखे, घट्ट पट्टे, मागे बंद असलेले लांब झगे हे सगळं प्रवासात डोकेदुखी. पायात बंद बूट किंवा न घसरणारे सँडल हवेत. ओल्या फरशीवर मोजे घालून उतरवण्याची वेळ येऊ नये.

पिशवी खांद्यावरून आडवी अडकवता येईल अशी घ्या, कारण दाराला खुंटी असेलच असं नाही आणि फरशीवर ठेवलेली पिशवी नंतर घरात पलंगावर जाते. आत काय हवं? सुगंध आणि अल्कोहोल नसलेले ओले वाइप्स, कोरडे टिश्यू, छोटी पाण्याची बाटली, पेपर सोप किंवा लहान बाटलीत साबण, एक जादा चड्डी-पँटचा जोड आणि मोजे, तोंड घट्ट बंद होणाऱ्या दोन-तीन प्लास्टिकच्या पिशव्या. चिकटणाऱ्या कागदी चिठ्ठ्यांचं लहान पुडकंही टाका. त्याचा उपयोग पुढे येतो. घडीची प्रवासी सीट मिळते, ती मोठ्या कमोडच्या भोकाला घाबरणाऱ्या मुलांसाठी खरंच कामाची आहे. फक्त तिची खालची बाजू सार्वजनिक सीटला टेकते, तेव्हा घडी घालताना ती बाजू आत जाईल असं पाहा आणि वेगळ्या पिशवीत ठेवा. मूल अजून पॉटीच वापरत असेल आणि तुम्ही स्वतःच्या गाडीने फिरत असाल तर आत पिशवी लावायची घडीची पॉटी घ्या. अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

दारापासून फ्लशपर्यंत

१. आत शिरण्याआधी मुलाचे हात रिकामे करा. खेळणं, चोखणी, दुधाची बाटली, खाऊ, सगळं पिशवीत. तुमचा फोनही. स्वच्छतागृहात हाताळलेला फोन बाहेर आल्यावर मुलाच्या हातात जातो आणि धुतलेल्या हातांचा काही उपयोग राहत नाही. बाह्या कोपरापर्यंत वर करा.

२. खण निवडताना फरशी कोरडी आहे का, कडी लागते का, पाणी येतंय का हे तीनच पाहा. कडी तुम्ही लावा. आणि मनाशी एक वाटणी करून टाका: एक हात घाणीचा, एक हात सामानाचा. कडी, फ्लश, सीट, जेट या सगळ्याला घाणीचाच हात. पिशवीत जाईल तो दुसरा. थोड्या सरावाने हे आपोआप होतं आणि पूर्ण लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

३. सीटवरचे थेंब आधी कोरड्या टिश्यूने टिपा, मग वाइपने पुसा आणि पुन्हा कोरडी करा. जंतुनाशक वाइप वापरत असाल तर वेष्टनावर लिहिलेल्या वेळेपर्यंत पृष्ठभाग ओला राहिला तरच ते काम करतं, आणि ते ओलं असताना मुलाला बसवायचं नाही, कारण ते रसायन त्वचेसाठी नसतं. कागदी आवरण हवं तर घाला. माझ्या मते कोरडी, पुसलेली सीट पुरते; चुळबुळ्या मुलाखाली कागद सरकतो आणि तो सावरायला मूल हात खाली घालतं, जे आपल्याला नकोच होतं.

४. पँट खाली करण्याआधी पायांकडून दोन घड्या वर दुमडा. मग ती घोट्यापर्यंत गेली तरी फरशीला टेकत नाही. सदरा किंवा फ्रॉक वर घेऊन मागे गळ्याशी खोचा.

५. मुलाला बसवून तुम्ही समोर उकिडवे बसा आणि त्याचे दोन्ही हात तुमच्या खांद्यांवर ठेवायला सांगा. मोठ्या कमोडवर बसलेलं मूल आत पडू नये म्हणून सीटची कड घट्ट पकडतं; खांदे मिळाले की ती गरज उरत नाही, आणि तुमचा चेहरा समोर असल्याने ते शांतही राहतं. पाय लोंबकळत असतील तर तुमच्या गुडघ्यांवर टेकू द्या. पायांना आधार असला की खालचे स्नायू सैल पडतात आणि शी सहज होते.

मुलींना गुडघे फाकवून, किंचित पुढे झुकून बसायला सांगा. मोठ्या सीटवर मांड्या जुळवून बसलं की थोडी लघवी योनीमार्गात शिरते आणि उठल्यावर हळूहळू झिरपते. चड्डी ओलसर राहणं, खाज आणि लाली यांमागे कित्येकदा एवढंच कारण असतं. मुलांना हात न लावता पुढे झुकायला सांगितलं तर धार आत राहते.

सीटला न टेकता अधांतरी, अर्धवट वाकून शू करायला मात्र शिकवू नका. ब्रिटनमध्ये १९९१ साली स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात, सीटवर न टेकता वाकून लघवी केली तर तिचा वेग सरासरी २१ टक्क्यांनी कमी होतो आणि मूत्राशयात मागे राहणारी लघवी बरीच वाढते, असं दिसलं. तो अभ्यास मोठ्यांचा होता, पण स्नायू आखडून ठेवले की मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही हे तत्त्व मुलांनाही लागू पडतं.

६. थांबा. "झालं का, झालं का" हे दर पाच सेकंदांनी विचारू नका. बाहेर रांग असली तरी एक मिनिट जास्त लागल्याने कुणाचं काही बिघडत नाही. शू थांबल्यावर दोन खोल श्वास घ्यायला सांगा. पुष्कळदा उरलेली शू तेव्हा येते.

७. धुणं आणि पुसणं नेहमी पुढून मागे, मुलींच्या बाबतीत तर कटाक्षाने. त्यांचा मूत्रमार्ग आखूड असतो आणि मागचे जंतू पुढे आले की संसर्ग होतो. जेट असेल तर आधी भांड्यात फवारून पाण्याचा जोर आणि तापमान पाहा. नळीत साठलेलं पाणी गरमही असू शकतं, आणि जोरदार फवाऱ्याचा एकदा दणका बसलेलं मूल पुढे कित्येक दिवस जेटच्या जवळ जात नाही. जेटला फक्त तुमचा घाणीचा हात लागेल, मुलाचा नाही. तिथल्या बादलीतल्या पाण्याचा भरवसा वाटत नसेल तर तुमची बाटली आहेच. धुतल्यावर टिश्यूने टिपून कोरडं करा, चोळू नका. ओली चड्डी दिवसभर अंगाला घासत राहिली की पुरळ येतं.

वाइप्स कमोडमध्ये टाकायचे नाहीत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. ते कागदासारखे विरघळत नाहीत.

८. कपडे नीट करून, मूल दाराजवळ उभं करून मगच फ्लश. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या अभियंत्यांनी २०२२ मध्ये हिरव्या लेझरच्या उजेडात झाकण नसलेल्या कमोडचा फ्लश टिपला, तेव्हा डोळ्यांना न दिसणारे थेंब ८ सेकंदांत सुमारे दीड मीटर उंच गेलेले दिसले. लहान मुलाचा चेहरा त्या उंचीच्या बराच खाली असतो. झाकण असेल तर लावा, मोठे शिंतोडे अडतात; पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲरिझोना विद्यापीठाच्या प्रयोगात झाकण लावूनही विषाणूंचा फैलाव फारसा कमी झाला नाही. त्यामुळे फ्लश करून लगेच बाहेर पडणं हाच त्यातल्या त्यात चांगला उपाय.

उकिडवं बसायचा संडास असेल तर

एका अर्थी हा बरा, कारण अंग कशालाच टेकत नाही. अडचण अशी की पाय ठेवायच्या जागा मोठ्यांच्या मापाच्या असतात आणि मुलाला मधलं भोक विहिरीसारखं वाटतं. पँट आणि चड्डी पूर्ण काढून तुमच्या खांद्यावर टाका, बूट मात्र पायात राहू द्या. तुम्ही मागे उभे राहून काखेत हात घालून आधार द्या. अगदी लहान मुलाला पाठ तुमच्या पोटाशी टेकवून, मांड्यांखाली हात घालून उचलून धरता येतं. शूसाठी हे पुरतं, शीसाठी तुमचे हात भरून येतात. उकिडवं बसण्याची सवय घरी, न्हाणीघरात कोरड्या फरशीवर खेळ म्हणून करून घेतली तर बाहेर सोपं जातं. इथे फ्लशचं पाणी पावलांवर उडतं, तेव्हा आधी मुलाला बाहेर उभं करा.

मुलगे आणि युरिनल

कमी उंचीचं युरिनल असेल तरच वापरा. चवड्यांवर उभं राहून पोट त्या कडेला टेकवण्यात काही शहाणपण नाही. कमोडवर उभं राहून शू करणार असेल तर वर केलेली सीट तुम्ही धरून ठेवा. सीट आपटून नेमक्या त्या जागी होणारी इजा या वयात होते, आणि ती फार वेदनादायक असते.

आवाजांची भीती

सेन्सरवर चालणारा फ्लश मूल बसलेलं असतानाच धडाडून सुटतो, कारण लहान अंग सेन्सरला नीट दिसत नाही. चिकट चिठ्ठी इथे वापरायची: बसवण्याआधी सेन्सरवर लावा, मूल बाजूला झालं की काढा. "तू तयार झालीस की आपण चिठ्ठी काढू" असं सांगितलं की सूत्रं मुलीच्या हातात राहतात.

हात सुकवायच्या यंत्राला घाबरणाऱ्या मुलाला हसू नका. कॅनडातल्या नोरा कीगन या शाळकरी मुलीने अशा ४४ यंत्रांचा आवाज वेगवेगळ्या उंचींवर मोजला आणि २०१९ मध्ये तो अभ्यास बालरोगविषयक नियतकालिकात छापून आला. काही यंत्रं १०० डेसिबलच्या वर गेली होती, आणि मुलांच्या कानांच्या उंचीवर आवाज जास्त भरत होता. "कान दुखतात" ही तक्रार अगदी खरी आहे. हात कागदाने किंवा घरून आणलेल्या नॅपकिनने पुसा. शेजारी कुणी यंत्र सुरू करणार असं दिसलं तर मुलाचे कान झाका.

आपल्या चेहऱ्यावरची किळस मुलं लगेच उचलतात. वास येत असेल तर "इथे वास येतोय, आपण पटकन आटपू" एवढं पुरे. नाक मुरडून केलेला आरडाओरडा मुलाला शी दाबायला शिकवतो. बरेच दिवस बाहेर शू-शी रोखणं चालू असेल, लघवीला जळजळ, ताप, कडक शी, शीमध्ये रक्त किंवा सुटलेली चड्डी ओली करायची सवय परत आली असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

हात धुणं

बेसिन उंच असतं. मुलाला कमरेत उचलून पोट ओल्या ओट्यावर टेकवलं की सदरा भिजतो. एक पाय पुढे घेऊन गुडघा वाकवा, मुलाला मांडीवर बसवा आणि पुढे झुकवा. तेही जमत नसेल तर बाजूला उभं राहून बाटलीतल्या पाण्याने हात धुवा. पाणी वाहतं असलं म्हणजे झालं.

आधी हात ओले, मग साबण, मग २० सेकंद चोळणं. तळवे सगळेच चोळतात. राहतात ते हाताच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखं. मुलाला चोळताना वीसपर्यंत आकडे म्हणायला लावले की वेळ भरते. पाणी थंड की गरम याने विशेष फरक पडत नाही, साबण आणि चोळणं महत्त्वाचं. नखं दर आठवड्याला कापलेली असली तर निम्मं काम आधीच झालेलं असतं. शेवटी पूर्ण कोरडे करा, कारण ओल्या हातांवर जंतू लवकर चढतात. पुसलेला कागद टाकून देण्याआधी त्यानेच नळ बंद करा आणि दाराची मूठही धरा.

सॅनिटायझर ही पर्यायी सोय. किमान ६० टक्के अल्कोहोल असलेलंच घ्या, हातावर पूर्ण सुकेपर्यंत चोळा. चिकट किंवा दिसतील इतक्या मळलेल्या हातांवर ते नीट चालत नाही, आणि नोरोव्हायरसवर त्याचा प्रभाव कमी पडतो, म्हणजे नेमक्या उलटी-जुलाबाच्या साथीत साबणाला पर्याय नसतो. बाटली तुमच्याकडेच ठेवा. गोड वासाचं सॅनिटायझर लहान मुलं पितात आणि त्यातून विषबाधा होते.

डायपर बदलताना

हाताशी सगळं मांडून झाल्याशिवाय बाळाला टेबलावर ठेवू नका: नवा डायपर उघडलेला, वाइप्स बाहेर काढलेले, पिशवीचं तोंड उघडं. टेबल पुसा, त्यावर स्वतःची चटई अंथरा, पट्टा असेल तर लावा, आणि पट्टा असला तरी एक हात बाळाच्या पोटावर राहू द्या. बाळ पहिल्यांदा कुशीवर वळतं ते बऱ्याचदा अशाच टेबलावर. झाल्यावर बाळाचेही हात धुवा. डायपर उघडताना त्याचा हात तिथे गेलेलाच असतो. टेबल नसेल तर ओल्या ओट्यापेक्षा बाबागाडी किंवा मोटारीची मागची सीट बरी.

थोडं मोठं झाल्यावर

पाच-सहा वर्षांचं मूल आत एकटं जायचा हट्ट धरतं. घरी आधी एकेक गोष्ट त्याच्याकडे सोपवा: पुसणं, फ्लश, कडी लावणं आणि विशेषतः उघडणं. बाहेर सुरुवातीला दार नुसतं लोटून घ्यायचं, तुम्ही बाहेरून धरून ठेवायचं, बोलत राहायचं. आई मुलाला किंवा बाबा मुलीला घेऊन गेले असतील तर कुटुंबासाठीचा वेगळा खण शोधा; तो नसेल तर मोठ्यांनी स्वतःसोबत न्यावं, आणि कुणी कपाळाला आठ्या घातल्या तर घालू द्याव्यात. अनोळखी माणसाची मदत घ्यायची नाही, दुसऱ्याच्या खणात डोकवायचं नाही, काही वावगं वाटलं तर मोठ्याने हाक मारायची, हे घरीच सांगून ठेवा.

चड्डीत झालीच तर

रागावण्याने ना चड्डी सुकते ना पुढची वेळ टळते. "ठीक आहे, बदलू" म्हणून कामाला लागा. मुलाला तुमच्या चटईवर किंवा दोन टिश्यूंवर उभं करा, बूट-मोजे आधी काढा, नाहीतर पँट काढताना तेही माखतात. चड्डी बाजूंनी गुंडाळत खाली आणा म्हणजे शी आतच राहते. भांड्यात झटकता येईल तेवढी झटका, उरलेलं पिशवीत, पिशवीला घट्ट तोंड. मुलाला वरून खाली पुसून कोरडं करा, मग स्वतःचे हात धुवा आणि त्यानंतरच स्वच्छ कपड्यांना हात लावा. घरी पोचल्यावर तो जोड बाकीच्या धुण्यात मिसळू नका. आधी वाहत्या पाण्याखाली काढा, मग कापडाला सोसेल इतक्या गरम पाण्यात वेगळा धुवा आणि उन्हात वाळवा. पिशवीत नवा जोड त्याच संध्याकाळी भरून ठेवा.